तीव्र स्वमग्नता : संकटसमयीची काळजी आणि कायद्याचा आधार

तीव्र स्वमग्नता असलेल्या अनेक व्यक्तींना वेदना वा भीती शब्दांत सांगता येत नाही. ती डोके आपटणे, चावणे, वस्तू फेकणे किंवा घरातून निघून जाणे अशा वर्तनातून प्रकट होते. त्यातून स्वतःला अथवा कुटुंबीयांना इजा होण्याचा धोका उद्भवल्यास तातडीची मदत आवश्यक ठरते.

वर्तनात अचानक बदल झाल्यास प्रथम शारीरिक कारण शोधणे अगत्याचे असते. दातदुखी, कानाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, अपस्मार, अपुरी झोप किंवा औषधांचे दुष्परिणाम यांमुळे असा उद्रेक होऊ शकतो. रुग्णालयातील गजबज, प्रखर प्रकाश आणि लांबलेली प्रतीक्षा यांनी तो वाढतो. शांत खोली, मोजक्या शब्दांतील संवाद आणि ओळखीच्या माणसाची सोबत यांनी तो ओसरण्यास मदत होते. रिस्पेरिडोन व अरिपिप्राझोल ही औषधे चिडचिड व आक्रमकता कमी करू शकतात. मूळ स्वमग्नतेवर ती उपाय नव्हेत. त्यांनी वजन वाढू शकत असल्याने नियमित तपासणी गरजेची असते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाला साखळीने बांधण्यास आणि एकांतात कोंडण्यास मनाई आहे. तात्काळ इजा टाळण्याचा अन्य मार्ग नसेल तरच शारीरिक बंधन वापरता येते. कर्मचाऱ्यांची कमतरता हे त्याचे कारण ठरू शकत नाही. मात्र या अधिनियमातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्वमग्नतेचा नामोल्लेख नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश असून अधिक आधाराची गरज असलेल्यांना तशी मागणी करता येते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अर्ज स्थानिक स्तर समितीकडे करता येतो. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते.

तरतुदी अशा विखुरलेल्या असल्याने ऐनवेळी समन्वयाचा भार कुटुंबावर पडतो. म्हणून संकट ओढवण्यापूर्वीच लेखी आराखडा तयार ठेवणे हिताचे. उद्रेकाची पूर्वचिन्हे, शांत करणारे उपाय, चालू औषधे, संवादाची पद्धत आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक त्यात नोंदवावा. त्याची प्रत जवळच्या रुग्णालयात व पोलीस ठाण्यात देता येईल. मानसिक आरोग्यविषयक समुपदेशनासाठी ‘टेली मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. काळजीवाहकांची विश्रांती हादेखील या व्यवस्थेचाच भाग मानला पाहिजे. थकलेल्या आई-वडिलांना पूर्वचिन्हे ओळखणेही कठीण जाते.