लिंकनच्या घराचे ओंडके

बडोद्याच्या आपल्या जुन्या मराठी घरांतून एखादे घंगाळ, एखादा देव्हारा असा असतोच, की जो 'खापरपणजोबांनी देशावरून येताना आणला' असे सांगतात. यंदा अशा वस्तूंची यादी करायला आम्ही बसलो आणि अब्राहम लिंकनच्या घराची हकीकत आठवली.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीतल्या हॉजनविलजवळ, एका खोलीच्या ओंडक्यांच्या घरात झाला. तिथे नव्याने वस्ती करणारे लोक अशीच घरे बांधत. ओंडक्यांच्या टोकांना खाचा पाडून ते कोपऱ्यांत एकमेकांत बसवायचे, फटी मातीने लिंपायच्या. असे घर सुटे करून दुसरीकडे उभे करता येते. घोळ झाला तो त्यामुळेच.

१८९४ मध्ये आल्फ्रेड डेनेट या व्यावसायिकाने ती शेतजमीन घेतली. जवळच्याच एका घरात लिंकनच्या घराचे मूळ ओंडके आहेत, अशी गावात समजूत होती. डेनेटने ते घर विकत घेऊन शेतावर उभे केले. पुढे १८९७ मध्ये ते नॅशव्हिलच्या प्रदर्शनात मांडले गेले. शेजारी जेफरसन डेव्हिसचे म्हणून आणखी एक घर होते. नंतरच्या बांधाबांधीत दोन्हींचे ओंडके एकमेकांत मिसळले. लाखाहून अधिक लोकांनी वर्गणी दिली आणि १९११ मध्ये संगमरवर व ग्रॅनाइटचे भव्य स्मारक पुरे झाले. आत ठेवलेले घर मावावे म्हणून लहानही करण्यात आले!

२००४ मध्ये लाकडातली वर्षवलये तपासली गेली. सर्वांत जुना ओंडका १८४८ च्या सुमाराचा निघाला. तेव्हा लिंकन ३९ वर्षांचे होते आणि वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसचे सभासद होते.

तरीही ते घर मोडले नाही. आज त्याला 'प्रतीकात्मक जन्मघर' म्हणतात आणि येणाऱ्याला खरे काय ते सांगतात. पायऱ्यांच्या खाली लिंकन कुटुंब पाणी भरत असे तो झरा मात्र अस्सल आहे.

आम्हाला यातून एवढेच उमगले, की वस्तू जपणे हे निम्मेच काम आहे. तिची हकीकत वेळीच लिहून ठेवली नाही, तर श्रद्धा उरते, माहिती उरत नाही. म्हणून गणपतीत सगळे घरी जमतील, तेव्हा थोरांजवळ वही घेऊन बसावे. वस्तू कुणी आणली, कुठून आणली आणि हे आपल्याला कुणी सांगितले, ते लिहावे. जे ठाऊक नसेल, तिथे 'ठाऊक नाही' असे लिहिण्यात कमीपणा नाही.