पिंपरीचे पेनिसिलीन व पिकांवरील बुरशी

पिंपरी-चिंचवड परिसराचा इतिहास बहुधा मोटारउद्योगाच्या अंगानेच लिहिला जातो. वस्तुतः १९५४ मध्ये येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये बुरशीपासून पेनिसिलीन तयार होई. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून बुरशीलाच मारणारे ‘ऑरिओफंजिन’ हे प्रतिजैविक मिळविले व १९६४ मध्ये ते प्रसिद्ध केले. भातावरील करपा, लिंबूवर्गीय झाडांचा डिंक्या यांवर ते वापरात आले. सोयाबीन तेव्हा महाराष्ट्रात नगण्यच होते. पुढे सांगली-कोल्हापुरात त्यावर तांबेरा पसरला, तेव्हा शेतकऱ्यांची भिस्त हेक्झाकोनाझोलसारख्या रासायनिक बुरशीनाशकांवर राहिली. पिंपरीतील संशोधनाचा धागा सोयाबीनपर्यंत पोहोचलाच नाही, ही खंत प्रस्तुत लेखकास वाटते. तांबेऱ्यास दाद न देणारे वाण आले ते कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून.