धूळपाटीचा प्रवास

गेल्या जून महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या प्राथमिक शाळेत काचेचा नवा फळा आला. खडू नाही, डस्टर नाही. बोट लावले की अक्षरे उमटतात, ग्रह फिरतात, हृदय धडधडते. आखाती देशात राबणाऱ्या एका कुटुंबाने तो शाळेला दिला. मी त्याला आशीर्वाद दिला, पवित्र पाणीही शिंपडले. मात्र फळ्यात वीज खेळते हे आठवून हात जरा आखडताच घेतला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम आटोपल्यावर एका आजींनी मला दारात गाठले आणि विचारले, “फादर, फळा चांगला आहे हो. पण दुसरीच्या बाई कधी येणार?”

दुसरीच्या बाई निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. संचमान्यतेच्या कागदांत ती जागा अडकली होती आणि दुसरीची मुले पहिलीच्या वर्गात मागे बसत होती. “बघू या, आजी,” असे मी म्हणालो. शाळेचा व्यवस्थापक या नात्याने असली उत्तरे देण्याचा मला सराव झालेला आहे. त्या उत्तराने आजींचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. वर्गात नवे साधन येते तेव्हा शिक्षकाचे काय होते, या प्रश्नाच्या मागे लागून मी जुनी पुस्तके चाळू लागलो, आणि त्या शोधात मला भेटली ती आपलीच धूळपाटी.

इ. स. १६२३ च्या नोव्हेंबर महिन्यात पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक रोमन प्रवासी होनावरहून घाट चढून इक्केरीकडे निघाला होता. वाटेत एका देवळाच्या ओसरीत तो विसावला असता त्याला चार मुले गणिताचा धडा गिरवताना दिसली. त्यांनी फरशीवर बारीक वाळू पसरली होती. एकाने धड्याची ओळ सुरावर म्हणावी आणि म्हणता म्हणता ती बोटाने वाळूत लिहावी. बाकीच्यांनीही तीच ओळ म्हणत लिहावी. जागा भरली की हाताने पुसून नवी वाळू पसरायची. तुमच्या चुका कोण दुरुस्त करतो, असे त्याने विचारले. चौघेही एकाच वेळी चुकणे शक्य नाही, तेव्हा आम्हीच एकमेकांना शिकवतो, अशा अर्थाचे उत्तर त्या मुलांनी दिले. पिएत्रो जग पाहिलेला गृहस्थ होता, तरी ही रीत त्याला इतकी सोपी आणि खात्रीची वाटली की त्याने आपल्या पत्रात तिचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले.

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळेतही हीच रीत होती. लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि तिच्यावर अक्षरे गिरवायची. ‘धुळाक्षरे’ हा शब्द मराठीत आला तो याच पाटीवरून. उजळणी, पावकी, निमकी सुरात म्हणायची आणि मोठ्या मुलांनी लहानांचे पाढे म्हणवून घ्यायचे. या शाळांविषयी उगाच हळवे होण्याचे मात्र कारण नाही. पंतोजींची छडी प्रसिद्ध होती. मुलींना तेथे स्थान नव्हते आणि ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांच्या मुलांना ओसरीची पायरीही चढता येत नसे. धूळ सर्वांच्या अंगणात होती. धूळपाटी मात्र सर्वांची नव्हती.

पिएत्रोनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी ही वाळू आणखी एका परदेशी माणसाच्या नजरेस पडली, आणि त्याने तिला थेट इंग्लंडपर्यंत नेले. अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावचा, अँग्लिकन धर्मोपदेशक. १७८७ साली तो हिंदुस्थानात आला आणि १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागातील लष्करी अनाथाश्रमाच्या शाळेची देखरेख त्याच्याकडे आली. गोऱ्या सैनिकांची अनाथ व निराधार मुले तेथे शिकत. शिक्षक थोडे, आणि जे होते ते कंटाळलेले. एके सकाळी घोड्यावरून जाताना बेलला एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून बोटाने वाळूत अक्षरे काढीत होती. आपल्याला हवे होते ते सापडले, असे त्याला वाटले. परत येऊन त्याने आपल्या शिक्षकाला धाकट्या मुलांकडून वाळूत मुळाक्षरे गिरवून घेण्यास सांगितले. त्या शिक्षकाने काही ते मनावर घेतले नाही. अखेर बेलने जॉन फ्रिस्कन नावाच्या अवघ्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याला बोलावले आणि अक्षरे शिकवण्याचे काम त्याच्यावर सोपवले. मोठ्या माणसाला जे जमले नव्हते ते या सैनिकाच्या मुलाने करून दाखवले.

हा प्रसंग वाचताना मी बराच वेळ थांबलो. येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक साधन, म्हणजे वाळू: स्वस्त, पुसता येणारी, चुकीची लाज वाटू न देणारी. दुसरा माणूस, म्हणजे जॉन: शिकवण्याची इच्छा असलेला आणि नुकताच शिकलेला असल्यामुळे अक्षर कोठे अडते हे जाणणारा. प्रयोग यशस्वी झाला तो कशामुळे? बेलने स्वतः याचे उत्तर मुलांनी मुलांना शिकवण्याच्या पद्धतीत शोधले. १७९६ मध्ये तो मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने मद्रासच्या प्रयोगावर एक छोटे पुस्तक छापले.

याच सुमारास, १७९८ मध्ये, लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टर नावाचा क्वेकर पंथाचा तरुण गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवू लागला होता. शिक्षक ठेवायला पैसे नव्हते, म्हणून त्यानेही मोठ्या मुलांना ‘मॉनिटर’ नेमले. आज आपल्या शाळांत वर्गाचा मॉनिटर फार तर बडबडणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो. लँकेस्टरचा मॉनिटर म्हणजे दहाएक मुलांचा गुरूच. एका प्रचंड दालनात शेकडो मुले ओळींनी बसत. सर्वांत खालच्या वर्गापुढे वाळू पसरलेले मेज असे, वरच्या वर्गांना दगडी पाट्या मिळत. आज्ञा झाली की सारी बोटे एकदम हलत. या पद्धतीने एकच मास्तर हजार मुलांना शिकवू शकेल, असा लँकेस्टरचा दावा होता. ज्या देशात त्या वेळी कापडाच्या गिरण्या उभ्या राहत होत्या, त्या देशाला हा हिशेब लगेच पटला. बेलच्या बाजूने एक संस्था उभी राहिली, लँकेस्टरच्या बाजूने दुसरी, आणि मूळ शोध कोणाचा यावरून दोघांत मोठे वितुष्ट आले. वाळूत लिहिणाऱ्या मद्रासच्या मुलांचा हक्क मात्र त्या वादात कोणी मांडला नाही.

यंत्रासारख्या चालणाऱ्या त्या दालनाला दुसरी बाजूही होती. लँकेस्टर छडीच्या विरुद्ध होता, पण त्याच्या शाळेत खोडकर मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवीत, कधी त्याला टोपलीत बसवून छताला टांगीत. मुले वाचायला शिकत. वाचलेले त्यांना समजले की नाही हे पाहण्याइतका वेळ कोणापाशीच नव्हता. मॉनिटर हाही एक मूलच होता, आणि त्याला जेवढे येत होते त्यापलीकडे तो नेणार तरी कोठवर? १८४६ मध्ये ब्रिटनने तेरा वर्षांच्या पुढील होतकरू विद्यार्थ्यांना पाच वर्षे अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली तयार करण्याची योजना काढली, आणि हजारांचा एक मास्तर ही कल्पना हळूहळू मागे पडली. स्वस्ताई हाच जिचा मोठा गुण होता ती पद्धत शेवटी शिक्षकावर पैसा खर्च करूनच दुरुस्त करावी लागली.

दरम्यान हीच पद्धत हिंदुस्थानात परत आली होती! १८२२ साली मुंबईत शालेय पुस्तके व शाळा यांसाठी जी सोसायटी स्थापन झाली, तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे मराठी उत्तम जाणणारे अधिकारी होते. देशी शाळांत पुस्तके नाहीत, शिकवण्याची सोपी रीत नाही, लायक शिक्षक नाहीत आणि पैसा नाही, असे निदान त्या सोसायटीने केले व उपाय म्हणून लँकेस्टरच्या पद्धतीची शिफारस केली. जी रीत मद्रासच्या धुळीतून उचलली गेली होती, ती पाव शतकानंतर विलायती नाव घेऊन मुंबई बंदरात उतरली. सोसायटीच्या पदरी एक गोष्ट मात्र बांधली पाहिजे. तिने नुसती पद्धत आणली नाही; मराठी पुस्तके तयार करवली आणि शिक्षकांना शिकवून जिल्ह्यांत पाठवले. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ ची, त्याच काळातली.

पण शाळेचे दार कोणासाठी उघडावे, हा प्रश्न ना वाळूने सोडवला ना पाटीने. त्यासाठी १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मुलींची शाळा काढावी लागली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले त्यात शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, हा आग्रह आहे. शिकवणारा कोण, याकडे त्यांची नजर होती.

भिंतीवरच्या काळ्या फळ्याचे श्रेय एडिंबरोच्या जेम्स पिलन्स या मुख्याध्यापकांना दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते रंगीत खडूंनी भूगोलाचे नकाशे काढून दाखवीत. मुलांचे गट करून साऱ्या वर्गाला एकच पुस्तक एकाच वेळी शिकवण्याची रीत त्याहून जुनी. संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांच्या बंधूंनी सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ती रुळवली. तोवर मास्तर एकेका मुलाला जवळ बोलावून धडा घेत आणि बाकीची मुले दंगा करीत. लॅटिनऐवजी आधी मातृभाषेत वाचायला शिकवा, हाही त्यांचाच आग्रह. फळ्याने या रीतीला हातभार लावला. शिक्षक, फळा आणि चाळीस जोडी डोळे, हे चित्र आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की शाळा अनादी कालापासून अशीच होती असे वाटते.

माझी स्वतःची शाळा म्हणजे दगडी पाटी, ओले फडके आणि फडके हरवले तर थुंकी. पाटीवरची पेन्सिल आम्ही लिहिण्यापेक्षा खाण्यातच अधिक संपवीत असू. सुट्टीत मोठी मुले कोळसा वाटून फळा काळा करीत.

विसाव्या शतकात साधने भराभर आली आणि प्रत्येक साधनाबरोबर एक भविष्यवाणीही आली. १९१३ मध्ये एडिसनने सांगून टाकले की चलत्‌चित्रांमुळे शाळेतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचवले गेले; सकाळी शाळांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. प्रयोग भव्य होता. वर्ष संपले आणि उपग्रह परत गेला. १९८४ मध्ये सुमारे २५० शाळांत विलायती संगणक आले. माझ्या माहितीतील एका शाळेत त्या खोलीला कुलूप असे आणि चप्पल काढून, हात धुऊन आत जावे लागे. देव्हाऱ्यात तरी इतके सोवळे असते की नाही कोण जाणे.

या साऱ्या गडबडीत १९८५ साली केंद्र सरकारच्या एका दस्तऐवजाने साधी गोष्ट नोंदवली. देशातील सुमारे ४० टक्के प्राथमिक शाळांत फळाच नव्हता आणि सुमारे ३५ टक्के शाळांत तीन-चार वर्गांना मिळून एकच शिक्षक होता. उपग्रह येऊन गेला होता आणि फळा यायचा होता! १९८७ मध्ये ‘खडू-फळा’ योजना सुरू झाली. नावात खडू आणि फळा असले, तरी तिच्या तीन कलमांत दोन खोल्या आणि साहित्य यांच्या जोडीला दुसरा शिक्षक होता, शक्यतो स्त्री. ज्या कोणी ते कलम लिहिले त्याला शाळा कळली होती, असे मला वाटते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढची जवळजवळ दोन वर्षे शाळा मोबाइलच्या पडद्यात मावली. आपण सर्वांनी ते दिवस पाहिले आहेत. एका घरात एक मोबाइल, तो वडील कामावर घेऊन जाणार, आणि तिघा भावंडांचा वर्ग एकाच वेळी. आमच्याकडे डोंगराच्या बाजूच्या पाड्यांवर तर ‘रेंज’ झाडावर चढल्याशिवाय मिळत नसे. तेथे आमच्या शाळेच्या दोन बाई आठवड्यातून दोनदा छापील कागद घेऊन चालत जात आणि अंगणात मुलांना अंतरावर बसवून शिकवीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत त्यांनी क्यूआर कोड आणले, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहिले. त्या कोडमागे मुलांना समजेल अशा कविता, चित्रफिती आणि धडे तयार करणारा एक माणूस बसला होता, हे निसटून गेले. साधन त्यांच्या हाती होते, ते साधनाच्या हाती नव्हते.

आता यंत्रच मुलाशी बोलू लागले आहे. २०२२ च्या अखेरीस आलेल्या चॅटजीपीटीला प्रश्न विचारावा आणि त्याने न कंटाळता दहा वेळा उत्तर द्यावे. एग्मोरच्या त्या कंटाळलेल्या शिक्षकापेक्षा ते खचितच बरे, हे मी मान्य करतो. पण स्वीडनसारख्या देशानेही २०२३ मध्ये पडद्यांवरचा भर कमी करून छापील पुस्तकांसाठी नव्याने पैसा काढला. ते लोक मागासलेले आहेत असे कोणी म्हणणार नाही.

आमच्या काचेच्या फळ्यावर माझा राग नाही. तिसरीच्या बाईंनी त्यावर ग्रहण इतके सुरेख समजावले की मी दारात उभा राहून ते ऐकले. त्याच देणगीदार कुटुंबाने यंदा दुसरा फळा देऊ केला आहे. तो कागद माझ्या टेबलावर सहीसाठी पडून आहे. त्याऐवजी तीच रक्कम दुसरीच्या वर्गासाठी एका शिक्षिकेच्या दोन वर्षांच्या मानधनाला देता येईल का, असे विचारणारे पत्र मी त्यांना लिहिले. शिक्षिकेच्या अंगावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, असे शाळा समितीतील एक सभासद हसत म्हणाले. त्यात तथ्य आहे. उत्तर अजून आलेले नाही. आजी रविवारच्या मिस्सानंतर दारात उभ्या असतात, आणि दुसरीची मुले अजून पहिलीच्या वर्गात मागच्या तीन बाकांवर बसत आहेत.