भोपळ्यातले बिऱ्हाड

चिमण्या परत याव्यात म्हणून आपण गॅलरीत लाकडी घरटी टांगतो. अमेरिकेच्या पूर्व भागात मात्र याच चिमणीच्या काड्या घरट्यातून उपसून फेकल्या जातात, आणि फेकणारेही पक्षिप्रेमीच असतात! या विसंगतीचे मूळ एका वाळक्या भोपळ्यात आहे.

पर्पल मार्टिन हा भिंगरीच्या कुळातला, जांभळट-निळ्या तकाकीचा पक्षी. हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढून तो वसंतात उत्तरेकडे विणीसाठी येतो. त्याच्या इवल्याशा चोचीला ढोली कोरता येत नाही. सुतार पक्ष्यांनी सोडून दिलेल्या ढोल्यांवरच त्याचा संसार चाले.

१७३१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मार्क केट्सबीने कॅरोलिनातील एक चाल नोंदवली आहे. लोक खांबांवर भोपळे टांगत आणि त्यांत राहणारे मार्टिन कोंबड्यांच्या खुराड्यावर झेपावणाऱ्या ससाण्यांना व कावळ्यांना पिटाळून लावत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांडर विल्सनने अधिक तपशील दिला. चोक्टॉ आणि चिकसॉ लोक झोपडीजवळच्या कोवळ्या झाडाचा शेंडा छाटत, फांद्यांची फूट-दोन फूट लांबीची खुंटे राखत आणि प्रत्येक खुंटाला एक पोकळ भोपळा अडकवत. (आपल्या तंबोऱ्याला लागतो त्याच जातीचा भोपळा!) मिसिसिपीच्या काठी गुलामगिरीत जगणारे आफ्रिकी लोकही लांब वेळूंवर असे भोपळे लावत, हेही विल्सननेच लिहून ठेवले आहे. ज्यांना स्वतःच्या घरावरही हक्क नव्हता, त्यांनी पाखराला घर दिले. विल्सनच्या वर्णनातली हीच ओळ मला सर्वांत मोलाची वाटते.

पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांनी लाकडी, अनेकमजली पेट्या उभारल्या. खेड्यातील खानावळींच्या पाट्यांवरही त्या दिसत, असे ऑड्यूबॉन सांगतो.

मग नवे भाडेकरू आले. १८५० नंतर झाडांवरच्या अळ्या खाण्यासाठी म्हणून ब्रुकलिनमध्ये युरोपातून चिमण्या आणल्या गेल्या. १८९० मध्ये युजीन शेफेलिनने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे ६० स्टार्लिंग सोडले; हा आपल्या भोरडीचा भाऊबंद. शेक्सपिअरच्या नाटकांतील झाडून सारे पक्षी अमेरिकेत आणण्याचा त्याचा ध्यास होता, ही कथा आपण सर्वांनी वाचलेली असते. परंतु ती त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी रूढ झाली. तिला समकालीन पुराव्याचा आधार नाही. कृपया ती पुढे ढकलू नका.

चिमणी आणि स्टार्लिंग, दोघेही ढोलीतच घरटे करणारे. ते अंडी फोडत, पिलांना मारत आणि जागा बळकावत. त्यातच वाळकी झाडे तोडली जात होती. परिणामी रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील मार्टिन आज जवळजवळ पूर्णपणे माणसाने टांगलेल्या घरांतच वीण करतात. पश्चिमेत मात्र सग्वारो निवडुंगातील ढोल्या अजूनही त्यांच्या उपयोगी पडतात.

१९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचे संरक्षण मार्टिनला आहे, त्या दोन आगंतुकांना नाही. म्हणून हल्लीच्या भोपळ्यांना गोल नव्हे, तर अर्धचंद्राकृती दार असते, उंची जेमतेम ३० मिलिमीटर. आखूड पायांचा मार्टिन त्यातून सरपटत आत जातो. स्टार्लिंग बाहेर अडकतो. चिमणी तेवढ्यातूनही शिरते. तिच्यासाठी विणीच्या हंगामात खांबावरचे भोपळे पुन्हा पुन्हा खाली उतरवून आत हात घालावा लागतो.