सहकारी एजंट आणि परिस्थितीचे भान राखणाऱ्या संगणक प्रणाली

सहकारी एजंट आणि परिस्थितीचे भान राखणाऱ्या संगणक प्रणाली : कृत्रिम बुद्धिमत्तेतील दोन शेजारी संशोधनक्षेत्रे. आसपासची स्थिती जाणून घेणारी आणि पावलोपावली माणसाची आज्ञा न घेता नेमून दिलेल्या उद्दिष्टासाठी कृती करणारी प्रणाली म्हणजे एजंट. असे अनेक एजंट, मग ते प्रोग्रॅम असोत वा यंत्रमानव, एकच काम मिळून कसे करतील याचा विचार पहिल्या क्षेत्रात होतो. दुसऱ्या क्षेत्राचा विषय आहे वापरणारा कोठे आहे, कोणासोबत आहे, कशात गुंतला आहे हे ओळखून वागणारा संगणक. दोघांची घराणी वेगळी आणि परिषदाही वेगळ्या. मात्र दोघांच्या फजितीचे ठिकाण बहुधा एकच असते. माहिती हाताशी असते, पण ती कोणाला केव्हा सांगायची आणि निर्णय केव्हा दुसऱ्यावर सोपवायचा, तिथेच घोडे पेंड खाते.

उगम : कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७०च्या दशकात बोललेले इंग्रजी समजून घेणारी हिअरसे-२ ही प्रणाली तयार झाली. राज रेड्डी, व्हिक्टर लेसर, ली एर्मन आणि फ्रेडरिक हेज-रॉथ ही त्यामागची मंडळी. ध्वनी, शब्द, वाक्यरचना असे एकेका पातळीचे ज्ञान असलेले स्वतंत्र भाग एका सामायिक ‘फळ्या’वर आपापले अंदाज मांडत आणि इतरांचे अंदाज वाचून आपले सुधारत. कोणत्याही एका भागाकडे संपूर्ण उत्तर नसे. लेसर यांनी पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेत हाच विचार विखुरलेल्या संगणकांपर्यंत नेला.

रीड स्मिथ यांनी १९८० साली मांडलेला ‘काँट्रॅक्ट नेट’ हा संकेत आजही पाठ्यपुस्तकांत पहिल्या काही पानांतच भेटतो. काम असलेला एजंट ते जाहीर करतो, मोकळे एजंट बोली लावतात, योग्य बोलीला काम मिळते, आणि काम घेणारा त्याचे तुकडे पाडून पुन्हा पोटठेका देऊ शकतो. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदा वाचलेल्याला यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच, की स्मिथ यांच्या ठेकेदाराला नफा नको असतो आणि तो खोटी बोली लावत नाही. एजंट वेगवेगळ्या मालकांचे असले की हे गृहीतक कोसळते. मग वाटाघाटींचे नियम असे आखावे लागतात, की खरे बोलणेच प्रत्येकाच्या फायद्याचे ठरावे. जेफ्री रोझेनशाइन आणि गिलाड झ्लॉटकिन यांनी १९९४च्या आपल्या पुस्तकात हा धागा द्यूतसिद्धांताशी जोडला.

हेतू आणि बांधिलकी : काम वाटून दिले म्हणजे सहकार्य झाले का? तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांनी १९८७ साली असे मांडले, की माणसाचा हेतू ही केवळ तीव्र इच्छा नसते. एकदा हेतू धरला की पुढचा विचार त्याच्या चौकटीत होतो आणि दर क्षणी सगळे पर्याय पुन्हा तपासले जात नाहीत. मेलबर्न येथे आनंद राव आणि मायकेल जॉर्जेफ यांनी यावरून समज, इच्छा आणि हेतू या तीन घटकांवर चालणाऱ्या एजंटांची रचना उभी केली. सिडनी विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचा क्रम लावण्यासाठी तिची चाचणीही झाली.

फिलिप कोहेन आणि हेक्टर लेव्हेक यांनी १९९१ साली संघकार्यावर लिहिलेला निबंध या क्षेत्राचा कणा मानला पाहिजे. त्यांचे उदाहरण साधे आहे. दोन गाड्या एकाच रस्त्याने एकाच दिशेला जात आहेत, एवढ्याने त्यांचा ताफा होत नाही. मागच्याला वाट ठाऊक नाही आणि पुढच्याने त्याला घेऊन जायचे कबूल केले आहे, तेव्हाच तो ताफा. मग पुढच्याने मध्येच बेत बदलला, तर मागच्याला न सांगता वळण्याची मोकळीक त्याला उरत नाही. काम पुरे झाले, अशक्य ठरले किंवा निरर्थक झाले असे एकाला कळले, की ते सर्वांना कळवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. बार्बरा ग्रोस आणि सरित क्राउस यांनी १९९६ साली ‘सामायिक आराखड्यां’चा अधिक तपशीलवार सिद्धांत दिला. त्यात प्रत्येकाला सगळा आराखडा ठाऊक असण्याची गरज नाही. एकमेकांच्या वाट्याचे काम पार पडावे असा हेतू मात्र हवा.

हा तत्त्वज्ञांचा कीस नव्हता, हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हेलिकॉप्टरांनी सिद्ध केले. मिलिंद तांबे आणि त्यांचे सहकारी लष्करी सरावासाठी संगणकावरच्या हेलिकॉप्टरांची तुकडी चालवत. एकदा तुकडी ठरलेल्या जागी थांबली आणि टेहळणीचे हेलिकॉप्टर पुढे गेले. ते डोंगरावर आदळले. बाकीची तुकडी त्याच्या निरोपाची वाट पाहत बेमुदत तशीच थांबून राहिली. दुसऱ्या वेळी मोहीम फत्ते झाल्याचे म्होरक्याने ओळखले आणि तो एकटाच तळावर परतला. उरलेल्यांना त्याने काही कळवलेच नाही. प्रत्येक एजंट आपल्या परीने बिनचूक वागला होता. दर प्रसंगासाठी वेगळा नियम लिहून असली भोके बुजवता येतात, पण पुढचे भोक कोठे पडेल हे सांगता येत नाही. म्हणून तांबे यांनी १९९७ साली ‘स्टीम’ ही प्रणाली मांडली. तिच्यात संघकार्याचे सर्वसाधारण नियम एजंटाच्या आतच बसवलेले होते, आणि निरोप पाठवण्याचा खर्च व न पाठवल्याने होणारे नुकसान यांचा हिशेबही ती करी. हीच प्रणाली पुढे संगणकावरच्या फुटबॉल संघालाही लावता आली.

परिस्थितीचे भान : दुसरी शाखा सुरू झाली ती कार्यालयाच्या भिंतींमध्ये. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर व सहकाऱ्यांनी १९८९ ते १९९२ या काळात ‘ॲक्टिव्ह बॅज’ बनवला. कपड्यावर लावायचा हा बिल्ला दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपला क्रमांक प्रक्षेपित करी आणि खोल्यांतले संवेदक तो टिपत. बिल्ला अंधाऱ्या ड्रॉवरमध्ये पडला की संदेशांमधले अंतर वाढे आणि बॅटरी टिके. त्याचा मुख्य उपयोग अगदी व्यवहारी होता. स्वागतकक्षातील व्यक्ती पडद्यावर पाहून आलेला फोन माणूस असेल त्या खोलीत जोडून देई. मालकाला आपण कुठे आहोत हे दिवसभर दिसत राहणार, ही चिंताही याच बिल्ल्यापासून सुरू झाली. आज ती खिशातल्या फोनला लागू होते, आणि जास्तच.

पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मार्क वायझर त्याच सुमारास सर्वव्यापी संगणनाची कल्पना मांडत होते. ‘सायंटिफिक अमेरिकन’मधला त्यांचा सप्टेंबर १९९१चा लेख प्रसिद्ध आहे. संगणक इतके आसपास मिसळून जावेत की त्यांच्याकडे लक्षच जाऊ नये, असे त्यांना वाटे. तेथेच बिल शिलिट, नॉर्मन ॲडम्स आणि वाँट यांनी १९९४ साली परिस्थितीचे तीन पैलू सांगितले : तुम्ही कोठे आहात, कोणासोबत आहात, आणि जवळ कोणती साधने आहेत. जॉर्जिया टेकमध्ये अनिंद डे यांनी व्याख्या रुंदावली. वापरणाऱ्याच्या आणि उपयोजनाच्या व्यवहाराशी संबंध असलेल्या व्यक्तीची, जागेची वा वस्तूची स्थिती वर्णन करणारी कोणतीही माहिती त्यांनी तीत घेतली. सर्वाधिक उद्धृत होणारी व्याख्या हीच. ती इतकी ऐसपैस आहे की तिच्याबाहेर काय उरते, हे सांगणे कठीण. डे यांचे अधिक टिकाऊ काम म्हणजे संवेदकांचा तपशील उपयोजनापासून दूर ठेवणारा सुट्या भागांचा संच.

पॉल डौरिश यांचा २००४चा आक्षेप मात्र मुळावर घाव घालतो. परिस्थिती म्हणजे आधीच भरून ठेवलेला तक्ता नव्हे. काम करता करता माणसे ती घडवत असतात. एकाच खोलीत तीच चार माणसे बसलेली असतात, पण बैठक संपून गप्पा कधी सुरू झाल्या हे त्या चौघांना कळते, छतावरच्या संवेदकाला कळत नाही.

संगम : मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत हॅरी चेन, टिम फिनिन आणि अनुपम जोशी यांनी २००३च्या सुमारास दोन्ही धागे एकत्र विणले. ‘कोब्रा’ या त्यांच्या रचनेत एक मध्यस्थ एजंट खोलीतल्या सर्व उपकरणांसाठी परिस्थितीचे एकच सामायिक चित्र सांभाळतो, संवेदकांच्या परस्परविरोधी नोंदींतून वाट काढतो, आणि कोणती माहिती कोणाला द्यायची हे वापरणाऱ्याने घालून दिलेल्या अटींनुसार ठरवतो. ही शेवटची तरतूद त्या काळात क्वचितच दिसे.

प्रत्यक्ष वापरातला सर्वांत बोलका प्रयोग त्याआधीचा, २००० सालचा आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत ‘इलेक्ट्रिक एल्व्हज’ या प्रकल्पाखाली संशोधकांनी स्वतःच्याच दिमतीला एजंट ठेवले. त्यांचे नाव ‘फ्रायडे’, रॉबिन्सन क्रूसोच्या सेवकावरून. ते मालकाचा ठावठिकाणा ठेवत, उशीर होणार असे दिसले की बैठक पुढे ढकलत, भाषणाला कोण उभे राहील हे आपसांत बोली लावून ठरवत आणि जेवणही मागवत. मालकाच्या आधीच्या निर्णयांवरून ते शिकत. मग गंमत सुरू झाली. तांबे यांच्या फ्रायडेने विभागप्रमुखांसोबतची त्यांची बैठक परस्पर रद्द केली. त्यांची इच्छा नसताना एका भाषणासाठी त्यांचे नाव देऊन टाकले. विचारले होते, वेळेत उत्तर आले नाही, म्हणून आपणच ठरवले. आणखी एका एजंटाने एक बैठक पाचपाच मिनिटांनी जवळजवळ ५० वेळा पुढे ढकलली. शिकलेला नियम त्याने तंतोतंत पाळला होता, ताटकळणाऱ्यांचा त्रास मात्र त्या नियमात कोठेच नव्हता.

पॉल स्केरी, डेव्हिड पिनाडाथ आणि तांबे यांनी यातून काढलेला उपाय महत्त्वाचा आहे. ‘विचारा’ आणि ‘आपणच ठरवा’ असे दोनच पर्याय ठेवल्याने घोटाळा झाला होता. त्यांनी निर्णयाच्या हस्तांतरणाची साखळीच आखली : आधी माणसाला विचारायचे, थोडे थांबायचे, उत्तर नाही आले तर बैठक एकदा लांबवून वेळ मिळवायचा, आणि मगच स्वतः ठरवायचे. थांबण्याची किंमत संपूर्ण गटासाठी मोजली जाई. माझ्या मते या दोन्ही शाखांनी मिळून काढलेला हा सर्वांत उपयुक्त निष्कर्ष आहे, आणि आजची व्यापारी उत्पादने बनवताना तोच सर्वांत आधी विसरला जातो.

सैद्धांतिक मर्यादा आणि शिकणारे संघ : प्रत्येक एजंटाला जगाचा एक तुकडाच दिसत असेल, तर सर्वोत्तम सामायिक धोरण काढणे किती अवघड? डॅनियल बर्नस्टाइन, श्लोमो झिल्बरस्टाइन व सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले, की मर्यादित पावलांपुरता विचार केला आणि एजंट दोनच असले तरी गणिताची काठिण्यपातळी एका एजंटाच्या तशाच प्रश्नापेक्षा कितीतरी वरची असते. व्यवहारात मग सोयीच्या वाटा निघाल्या. किवा कंपनीचे गोदामातले यंत्रमानव शेकडोंच्या संख्येने धावत, पण आखलेल्या फरशीवर आणि कडक नियमांत. ॲमेझॉनने २०१२ साली ती कंपनी ७७.५ कोटी डॉलरला घेतली. १९९७ साली नागोयात सुरू झालेल्या रोबोकप स्पर्धेने फुटबॉलला प्रयोगशाळा बनवले. २०५०पर्यंत विश्वविजेत्या मानवी संघाला हरवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. मुंबईच्या आयआयटीत अध्यापन करणारे शिवराम कल्याणकृष्णन यांनी टेक्सासमध्ये पीटर स्टोन यांच्याबरोबर याच खेळातील अर्ध्या मैदानावरच्या चढाईवर काम केले होते.

ओपनएआयच्या पाच एजंटांच्या संघाने एप्रिल २०१९मध्ये ‘डोटा २’ या खेळात विश्वविजेत्या ओजी संघाला नमवले. तथापि स्वतःच्याच प्रतिकृतींबरोबर सराव करून तयार झालेले एजंट अनोळखी जोडीदाराबरोबर अडखळतात. ‘ओव्हरकुक्ड’ या स्वयंपाकाच्या खेळावर बर्कलीच्या संशोधकांनी त्याच वर्षी हे दाखवले. माणूस सोबत येताच एजंटांचे गुण घसरले. स्टोन, क्राउस, रोझेनशाइन आणि गल कामिंका यांनी २०१० सालीच ‘पूर्वओळखीशिवायचे संघकार्य’ असे या प्रश्नाचे स्वतंत्र नाव ठेवले होते.

मुंबईशी या परंपरेचा थेट संबंध तांबे यांच्यामार्फत येतो. लॉस एंजेलिस विमानतळावरील तपासणीनाक्यांचे वेळापत्रक २००७पासून त्यांच्या गटाच्या प्रणालीवर आखले जाऊ लागले. नंतर त्यांनी सार्वजनिक आरोग्याकडे मोर्चा वळवला. मुंबईतील ‘अरमान’ ही संस्था गरोदर आणि नवजात बाळाच्या मातांना फोनवर ध्वनिमुद्रित आरोग्यसंदेश ऐकवते. काही जणी हळूहळू ऐकणे सोडतात, आणि प्रत्यक्ष फोन करणाऱ्या कार्यकर्त्या थोड्या. या आठवड्यात कोणाला फोन केला तर उपयोग होईल, हे सुचवणारी पद्धत सुमारे २३ हजार महिलांवर तपासली गेली. ऐकण्यातली घट सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नोंदले आहे. येथे एजंट फक्त यादी देतो. बोलते ती कार्यकर्ती.

भाषा-प्रारूपांवर चालणारे एजंट : २०२३पासून मोठ्या भाषा-प्रारूपांभोवती एजंट बांधण्याची लाट आली. स्टॅनफर्डच्या जून सुंग पार्क व सहकाऱ्यांनी संगणकावरच्या एका गावात २५ पात्रे वसवली. त्यांतल्या एकीच्या मनात व्हॅलेंटाइन दिनाची मेजवानी द्यायची एवढाच हेतू पेरला होता. निमंत्रण १२ जणांपर्यंत पोहोचले, आले ५. तिघांनी अडचण सांगितली. उरलेल्या चौघांनी यायला आवडेल असे म्हटले, पण त्या दिवसाचा बेत काही आखला नाही. कोहेन आणि लेव्हेक ज्याला बांधिलकी म्हणतात ती या चौघांत नव्हती. होती ती माणसांनाही चांगली परिचित असलेली तोंडदेखली हौस.

संदेशांची सामायिक भाषा ठरवण्याचे प्रयत्न नवे नाहीत. १९९०च्या दशकात फिनिन यांच्या पुढाकाराने ‘केक्यूएमएल’ आणि १९९६ साली स्थापन झालेल्या ‘फिपा’ या संस्थेची संदेशभाषा आली होती. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल’ आणि गूगलने एप्रिल २०२५मध्ये ‘एजंट टू एजंट’ हा संकेत जाहीर केला. पहिला एजंटाला बाहेरची साधने व माहिती जोडून देतो, दुसरा एजंटांना एकमेकांशी. काम पुरे झाले, फसले की रद्द झाले हे कळवण्याची सोय दुसऱ्यात आहे. ते केव्हा कळवायचे आणि माणसाला केव्हा विचारायचे, हा निर्णय मात्र एजंट बांधणाऱ्याकडेच राहतो.