छतावरची काच : एका थेंबापासून सनरूफपर्यंत

उन्हाळ्यातील दुपारी मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या मोटारीच्या छतातून अचानक बंदुकीच्या बारासारखा आवाज येतो. मालक धावत येऊन पाहतो, तर सनरूफच्या जागी भोक आणि आसनांवर हरभऱ्याएवढ्या काचकणांचा खच. आसपास दगड नाही, माणूस नाही. पहिला संशय एखाद्या खोडकर पोरावर जातो, दुसरा उन्हावर. वर्कशॉपमध्ये आणखी एक कोडे समोर येते. पुढच्या काचेला खडी लागून उडालेला टवका रेझिन भरून बुजवता येतो. मग सनरूफची काच मात्र दुरुस्त का होत नाही? तिचे संपूर्ण तावदानच का बदलावे लागते?

या प्रश्नांची उत्तरे वर्कशॉपच्या दरपत्रकात मिळत नाहीत. ती साडेतीनशे वर्षांच्या इतिहासात विखुरलेली आहेत, आणि त्या इतिहासाची सुरुवात एका राजदरबारी खेळण्यापासून होते.

वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात सोडला की त्याला लांब, बारीक शेपटी असलेल्या अश्रूचा आकार येतो. या अश्रूच्या डोक्यावर हातोडीचा घाव घातला तरी ते सहसा फुटत नाही. परंतु शेपटीचे टोक चिमटीत मोडले की सगळा थेंब क्षणार्धात भुकटी होऊन उडतो. राजपुत्र रूपर्टने १६६० मध्ये असे थेंब इंग्लंडमध्ये आणले. राजा दुसरा चार्ल्स याच्यामार्फत ते १६६१ मध्ये लंडनच्या विद्वन्मंडळीपुढे, म्हणजे नव्याने आकाराला येत असलेल्या रॉयल सोसायटीपुढे, परीक्षेसाठी गेले. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्यांची चिकित्सा केली. थेंबाचे बाहेरचे कवच आधी घट्ट होते आणि आतला भाग मागाहून निवतो, या फरकात रहस्य दडलेले आहे, हे त्याने ओळखले होते.

आजच्या भाषेत ते असे सांगता येते. पाण्यात पडताच थेंबाचा पृष्ठभाग लगेच गोठतो. आतली काच अजून तप्त असते. ती नंतर थंड होताना आकसू पाहते, पण कडक झालेले कवच तिला आकसू देत नाही. परिणामी आतला भाग कायम ताणलेला राहतो आणि बाहेरचे कवच कायम दाबलेले. काच फुटते ती पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म भेगा उघडल्यामुळे. कवच दाबलेले असेल, तर त्या भेगा आवळलेल्याच राहतात. त्या उघडण्यासाठी आधी हा दाब ओलांडावा लागतो. म्हणून थेंब बळकट. परंतु एखादी भेग कवच भेदून आतल्या ताणलेल्या भागात शिरली, की तिथे साठलेली ऊर्जा तिला पुढे ढकलू लागते. मग तिला थांबवणारे काही उरत नाही.

भेगेचा हा प्रवास प्रत्यक्ष टिपण्यासाठी १९९४ साल उजाडावे लागले. एस. चंद्रशेखर आणि एम. एम. चौधरी यांनी अतिवेगवान छायाचित्रणाने दाखवून दिले, की थेंबातील भेग सेकंदाला सुमारे १४५० ते १९०० मीटर वेगाने धावते आणि वाटेत पुनःपुन्हा दुभंगत जाते. २०१६ मध्ये एस्टोनियातील संशोधकांसह याच दोघांनी आणि कौशिक विश्वनाथन यांनी ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने कवचातील दाब मोजला. तो वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ ७००० पट भरला.

या खेळण्यातून उपयोगी वस्तू घडवण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न फ्रान्सच्या रॉयर द ला बास्ती यांचा. १८७४ मध्ये त्यांनी तप्त काच तेलाच्या किंवा चरबीच्या गरम हौदात बुडवून कणखर करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पेले आणि दिव्यांच्या काचा जमिनीवर आपटूनही फुटत नाहीत, याची प्रात्यक्षिके झाली. परंतु लवकरच विचित्र तक्रारी येऊ लागल्या : कोणी हात न लावता, फळीवर ठेवल्या जागी एखादा पेला स्फोट होऊन फुटे. बळकटी आणि विनाश एकाच शिक्क्याच्या दोन बाजू आहेत, ही रूपर्टच्या थेंबाची अट बास्तींच्या पेल्यालाही चुकली नव्हती.

दुसरा मार्ग अपघाताने सापडला. १९०३ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांच्या प्रयोगशाळेतील एक चंबू वरून पडला. तो तडकला, पण विखुरला नाही. त्यात पूर्वी ठेवलेले नायट्रोसेल्युलोजचे द्रावण सुकून आतून पातळ पापुद्रा तयार झाला होता आणि त्याने तुकडे धरून ठेवले होते. मोटार अपघातांत फुटक्या काचेने होणाऱ्या जखमांची वृत्ते तेव्हा पॅरिसच्या वर्तमानपत्रांत येत होती. बेनेदिक्तस यांनी दोन काचांमध्ये सेल्युलॉइडचा थर घालून १९०९ मध्ये पेटंट घेतले. ही लॅमिनेटेड काच पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांवर बसली. सेल्युलॉइड उन्हात पिवळे पडे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याची जागा पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या लवचीक, स्वच्छ प्लास्टिकने घेतली. आजही तेच वापरात आहे.

याच काळात भारत काचेसाठी बव्हंशी परदेशावर अवलंबून होता. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून उभ्या केलेल्या आणि लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे सूत्रधार होते. तेथे माल तयार होई, तसेच कारागीरही घडत.

काच घडवण्याचे शिक्षण तळेगावात चालू होते; ती फुटते कशी याचा अभ्यास त्यानंतर दशकभराने कोलकात्यात झाला. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव प्रकाशाच्या विकिरणाशी जोडलेले असल्याने त्यांचे हे काम सहसा कोणाला आठवत नाही. त्या काळात ते आघाताच्या भौतिकीत रमले होते. गुळगुळीत गोळा जाड काचेवर आदळला की आत जी भेग उमटते, तिचा आकार शंकूसारखा पसरत जातो. अशा आघात-आकृतींवरील त्यांचे टिपण १९१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. मोटारीच्या काचेवर खडी आदळल्यावर पडणारा गोल टवका हा त्याच शंकूचा भाऊबंद आहे. आज सुरक्षा काचेची परीक्षा घेताना ठरावीक उंचीवरून तिच्यावर २२७ ग्रॅमचा पोलादी गोळा टाकतात; ती चाचणी म्हणजे रामन यांच्याच प्रश्नाचे कारखानी रूप होय. लगेच १९२१ मध्ये ॲलन ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने सिद्धान्त मांडला, की काच अणूंच्या बंधांच्या हिशेबाने जितकी बळकट असायला हवी त्याहून कितीतरी दुबळी ठरते, याचे कारण तिच्यातील अदृश्य भेगा. भेग वाढण्यासाठी लागणारी ऊर्जा आणि ती वाढल्याने सुटणारी ऊर्जा यांचा जमाखर्च त्याने मांडला. हूकच्या तर्काला आता गणित मिळाले होते.

त्यानंतर तेलाच्या हौदाची जागा थंड हवेच्या झोतांनी घेतली. काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, हवा तसा बाक देऊन, दोन्ही बाजूंनी एकदम झोत सोडले की चौपट-पाचपट बळकट टफन्ड काच तयार होते. १९३०च्या दशकापासून मोटारींत दोन्ही काचा नांदू लागल्या आणि कालांतराने त्यांच्यात कामाची वाटणी झाली. पुढची काच लॅमिनेटेड. कारण ती तडकली तरी चालकाला समोरचे दिसले पाहिजे आणि आतला माणूस बाहेर फेकला जाता कामा नये. बाजूच्या व मागच्या काचा बहुधा टफन्ड. फुटल्या तर त्यांचे सुरीसारखे तुकडे न होता बोथट कण व्हावेत. आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा काचेला टोकदार हत्याराने फोडतात आणि पाच बाय पाच सेंटिमीटरच्या चौकोनात किमान ४० तुकडे झालेत का, हे मोजतात. चांगली काच कोणती, हे येथे ती कशी फुटते यावरून ठरते.

छतावरची काच या वाटणीत उशिरा आली. १९२०च्या दशकातील सरकती छते धातूची होती. १९५४ मध्ये फोर्डने एका गाडीच्या छताचा पुढचा भाग हिरवट पारदर्शक ॲक्रिलिकचा केला. गाडीच्या आतला उकाडा ही त्याची मोठी तक्रार ठरली. १९७३च्या सुमारास लिंकन गाड्यांतून सरकत्या काचेचे छत आले आणि पुढे सनरूफ जगभर पसरले. भारतात आज ती प्रतिष्ठेची खूण झाली आहे. पण छत हे ना पुढच्या काचेसारखे, ना बाजूच्या. त्याच्यासाठी टफन्ड आणि लॅमिनेटेड या दोन्ही काचा वापरल्या जातात, आणि आपल्या डोक्यावर कोणती आहे हे बहुतेक मालकांना ठाऊक नसते.

आता त्या दुपारच्या स्फोटाकडे परत येता येईल. नुसते ऊन हा आरोपी नव्हे; टफन्ड काच सुमारे २०० अंशांचा तापमानफरक सोसू शकते. खरा आरोपी बहुधा तीन ठिकाणी लपलेला असतो. एक, पूर्वी कधीतरी कडेला लागलेला खडीचा मार, ज्याची भेग हळूहळू कवच पोखरत राहिली. दोन, चौकट नीट न बसल्याने एका कोपऱ्यावर पडणारा जोर. तीन, काच वितळवतानाच तिच्यात राहून गेलेला निकेल सल्फाइडचा डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा कण. मेलबर्न येथील एका उंच इमारतीच्या टफन्ड काचा आपोआप फुटू लागल्या, तेव्हा ई. आर. बॅलंटाइन यांनी १९६१ मध्ये हा कण गुन्हेगार ठरवला. सुमारे ३७९ अंशांच्या वर तो एका स्फटिकरूपात असतो, खाली दुसऱ्या. काच झटपट थंड केल्याने तो जुन्या रूपातच अडकतो आणि पुढे महिन्यांनी, वर्षांनी रूप बदलतो. बदलताना तो दोन ते चार टक्के फुगतो. तो नेमका काचेच्या ताणलेल्या गाभ्यात असेल, तर तेवढे पुरते. ऊन ही क्रिया थोडी लवकर घडवते, इतकाच त्याचा दोष. बास्तींच्या फळीवरच्या पेल्यांनाही असे काही ना काही व्यंग नडले असणार.

आणि दुरुस्ती का नाही, हेही येथेच स्पष्ट होते. लॅमिनेटेड काचेतील भेग बहुधा वरच्या थरात थांबते. म्हणून तिच्यात रेझिन भरता येते. टफन्ड काचेत भेग एकतर कवचात अडलेली असते, किंवा सेकंदाच्या हजाराव्या भागात साऱ्या तावदानभर पोहोचलेली असते. मधली अवस्था नाही. अशी काच तयार झाल्यावर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून प्रत्येक तावदान त्या त्या गाडीच्या मापाने आणि बाकानेच कारखान्यातून यावे लागते.

म्हणूनच काच बदलणे म्हणजे केवळ भोक बुजवणे नव्हे. छताच्या रुळांत आणि पावसाचे पाणी खांबांतून खाली नेणाऱ्या बारीक नळ्यांत गेलेले काचकण काढले नाहीत, तर रूळ अडतो आणि पावसाळ्यात पाणी आसनांवर उतरते. तावदान चारही बाजूंनी छताशी समतल बसले नाही, तर कोपऱ्यावरचा तोच जोर पुन्हा सुरू होतो. चिकटद्रव्य वाळायला सांगितलेला वेळ द्यावाच लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ काच लॅमिनेटेड असेल, तर तिच्या जागी स्वस्तातील टफन्ड काच बसवणे ही बचत नव्हे. गाडी उलटली की टफन्ड छत कणांच्या रूपाने नाहीसे होते आणि पट्टा न लावलेल्या माणसाला तेथून बाहेर जायला वाट उरते. लॅमिनेटेड काच तडकूनही बरेचदा जागेवर राहते. आणि सनरूफमधून डोके बाहेर काढून उभ्या असलेल्या मुलाला यांपैकी कोणतीही काच वाचवू शकत नाही.

भारतीय कायद्याने यातील काही धडे उचलले आहेत. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शंभरावा नियम वाहनाला सुरक्षा काच सक्तीची करतो, आणि पुढची काच लॅमिनेटेडच असावी असा आग्रह धरतो. भारतीय मानक आयएस २५५३ त्या काचांच्या चाचण्या ठरवते आणि केंद्र सरकारने २०२० मध्ये सुरक्षा काचेसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला. काचेच्या कोपऱ्यात कोरलेली बारीक खूण म्हणजे या साऱ्याची साक्ष. नवी काच बसवताना ती खूण वाचायला एक मिनिट पुरते.

खूण पुसट असली, तर भौतिकी मदतीला येते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डेव्हिड ब्रूस्टर यांनी दाखवले, की दाबलेली काच ध्रुवित प्रकाशात आपले दडलेले दाब उघडे करते. सकाळी किंवा सायंकाळी ध्रुवित भिंगांचा गॉगल घालून मोटारीच्या मागच्या काचेकडे पाहिले, तर तिच्यावर ठिपक्यांची फिकट नक्षी दिसते. थंड हवेचे झोत जिथे जिथे आदळले होते, त्यांचे ते ठसे असतात. पुढच्या लॅमिनेटेड काचेवर अशी नक्षी सहसा दिसत नाही. छतावरच्या काचेवर ती दिसली, तर समजावे, की डोक्यावर रूपर्टच्या थेंबाचाच एक सपाट वंशज आहे : हातोडीला न जुमानणारा, आणि एका भेगेने संपणारा.