लाटेवरची पहिली स्वारी कोणाची? आफ्रिकेतील सर्फिंगचा विस्मृत इतिहास

१/१०
सर्फिंगचे साहित्य बनवणारी एखादी नामांकित कंपनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर येते. सोबत नव्या फळ्या, कपडे, प्रशिक्षक आणि कॅमेरे असतात. मग बातमी होते : 'आफ्रिकेत सर्फिंगचा श्रीगणेशा.' अशा भेटीतून मिळणारी मदत खरी असते. 'श्रीगणेशा' मात्र खरा नाही. तो केव्हाच झाला होता.

२/१०
आजचा घाना म्हणजे तेव्हाचा गोल्ड कोस्ट. १६४० च्या दशकात मिखाएल हेमरसाम हा जर्मन प्रवासी तेथे राहत होता. आईवडील मुलांना फळ्यांना बांधून पाण्यात सोडतात, असे त्याने नोंदवले. त्याला ते पोहण्याचे शिक्षण वाटले. आज मात्र ही सर्फिंगविषयीच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी एक मानली जाते. कॅप्टन कुकच्या मोहिमेने पॅसिफिकमधील लाटांवरच्या स्वारीचे वर्णन केले, ते सव्वाशेहून अधिक वर्षांनी.

३/१०
१८३० च्या दशकात जेम्स एडवर्ड अलेक्झांडर हा ब्रिटिश अधिकारी अक्रा येथे आला. त्याचे वर्णन अधिक स्पष्ट आहे. पोटाखाली हलक्या फळ्या घेतलेली मुले समुद्रात आत जातात, लाटेची वाट पाहतात आणि तिच्यावर स्वार होऊन परततात. 'वाट पाहणे' येथे महत्त्वाचे. योग्य लाट निवडणे हाच या खेळाचा गाभा होय.

४/१०
हे कौशल्य तेथे का रुजले? या किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरे फार थोडी. युरोपीय जहाजे दूर नांगर टाकत, आणि माणसे व माल फुटत्या लाटांमधून होड्यांनी ने-आण करावा लागे. कोणती लाट जाऊ द्यायची आणि कोणती पकडायची, यावर जीव आणि माल दोन्ही अवलंबून असत. गा, फांटी यांसारख्या समाजांतील मुलांचा खेळ ही पुढच्या होडी हाकण्याची पूर्वतयारी होती.

५/१०
१९६२ मध्ये टेमा येथील आधुनिक बंदर सुरू झाले आणि अक्राच्या किनाऱ्यावर होड्यांनी माल उतरवण्याची शतकानुशतकांची पद्धत संपुष्टात आली. त्यानंतर थोड्याच काळात कॅलिफोर्नियाहून तीन पाहुणे आले : दिग्दर्शक ब्रूस ब्राउन आणि सर्फर माइक हिन्सन व रॉबर्ट ऑगस्ट.

६/१०
त्यांचा 'द एन्डलेस समर' हा चित्रपट १९६६ मध्ये जगभर गाजला. सेनेगल, घाना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका असा त्यांचा प्रवास. या किनाऱ्यांना सर्फिंगची ओळख पाहुण्यांनीच करून दिली, असा निवेदनाचा रोख होता. पण घानातील त्याच दृश्यांत स्थानिक मुले लाकडी फळ्यांवर लाटा झेलताना दिसतात. कॅमेऱ्याने जे टिपले, ते निवेदनाने ओळखले नाही.

७/१०
दक्षिण आफ्रिकेत या विस्मरणाला कायद्याची जोड मिळाली. १९५३ च्या स्वतंत्र सुविधा कायद्याने समुद्रकिनारेही वर्णानुसार वाटले गेले. उत्तम किनारे गोऱ्यांकडे गेले. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. तोवर 'सर्फर म्हणजे गोरा' हे चित्र घट्ट झाले होते.

८/१०
मग बाहेरची मदत नकोच का? तसे नाही. जुनी फळी गावातल्या लाकडातून घडत असे. आजची फळी फोम आणि फायबरग्लासची, बहुधा आयात केलेली आणि महागडी. ती मोडली तर मुलाचा सरावच थांबतो. म्हणून पाहुण्यांनी मागे ठेवलेल्या फळ्यांचे मोल मोठे आहे.

९/१०
वेगळी वाटही दिसते. 'मामी वाटा' हा दक्षिण आफ्रिकेतील सर्फिंग ब्रँड. नाव पश्चिम आफ्रिकेतील जलदेवतेचे. त्याने 'आफ्रोसर्फ' या ग्रंथात खंडभरातील सर्फरांच्या कहाण्या एकत्र केल्या. २०२१ मध्ये तो जगभर पोहोचला. त्याचे उत्पन्न 'वेव्हज फॉर चेंज' आणि 'सर्फर्स नॉट स्ट्रीट चिल्ड्रन' या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देण्याचे ठरले.

१०/१०
फळी भेट देता येते, इतिहास भेट देता येत नाही; तो मान्य करावा लागतो. आज अक्राच्या किनाऱ्यावर नवी फळी हाती घेणारे मूल एखाद्या परक्या खेळात उशिरा दाखल होत नसते. त्याच्या पूर्वजांनी जेथे लाटेची वाट पाहिली, तेथेच ते उभे असते.